चौकटीतलं नाव आणि पाटीवरचं

कोणत्याही दवाखान्यात गेलो की मी आधी भिंत वाचतो. आपला नंबर यायच्या आत चौकटीतलं प्रमाणपत्र कुठल्या परिषदेचं आहे, त्यावरचं नाव आणि बाहेरच्या पाटीवरचं नाव एकच आहे का, नूतनीकरणाची मुदत उलटून तर गेली नाही ना, हे सगळं माझं बघून झालेलं असतं. मध्यंतरी दाढ दुखायला लागली म्हणून पुंडलिकनगरातल्याच एका दंतवैद्यांकडे गेलो होतो. गाल टम्म सुजलेला, तोंड उघडता येत नव्हतं, तरी मी चष्मा लावून भिंतीशी उभा. आमची सौ. बाकावरून म्हणाली, "अहो, दाढ तुमची दुखतेय, परीक्षा त्यांची कशाला?" तेवढ्यात दंतवैद्य स्वतः बाहेर आले. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "मुळेसाहेब, नूतनीकरण केलंय हो, ही बघा पावती!" मी निवृत्त झालो आहे, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

शहराच्या आरोग्य विभागात, खासगी दवाखान्यांच्या नोंदणीच्या टेबलावर माझी नोकरीची शेवटची वर्षं गेली. टेबल म्हणायचं इतकंच, कारण निम्मा वेळ तपासणीसाठी रस्त्यावर जायचा. बोगस डॉक्टर शोधायचं जे पथक असतं त्यात मी कागद बघणारा. पथकाच्या प्रमुख डॉ. सिद्दीकी मॅडम, सोबत एक पोलीस शिपाई आणि मागे जाडजूड पिशवी घेऊन मी. मॅडम रोगी आणि औषधं बघायच्या, मी भिंत बघायचो.

आता हे नोंदणीचं प्रकरण काय असतं ते बाहेरच्या माणसाला थोडं सांगायला हवं. लोकांना वाटतं, ज्याच्याकडे पदवी तो डॉक्टर. तसं नाही. पदवी म्हणजे माणूस शिकला एवढाच पुरावा. स्वतःची पाटी लावून रोग्याच्या अंगाला हात लावायचा तर आपापल्या परिषदेत नाव नोंदवावं लागतं. अ‍ॅलोपॅथीची परिषद वेगळी, आयुर्वेदाची वेगळी, होमिओपॅथीची, दाताची, फिजिओथेरपीची, सगळ्यांची घरं निराळी. ती नोंद ठरावीक वर्षांनी नवी करावी लागते. दवाखान्यात खाटा टाकल्या तर शुश्रूषागृह म्हणून आणखी एक नोंदणी. सुया आणि कापूस निघतो म्हणून त्या कचऱ्याची परवानगी वेगळी. आणि प्रमाणपत्र रोग्याला दिसेल असं भिंतीवर लावायचं. त्याचं कारण साधं आहे. आपण ज्याच्यापुढे जीभ बाहेर काढतो तो माणूस कोण आहे, हे विचारायची आपल्याकडे कुणाची छाती होत नाही. म्हणून भिंतीने सांगायचं.

या कामात एक गोष्ट मला लवकरच कळली. खऱ्या डॉक्टरचं प्रमाणपत्र बहुतेक वेळा धुळीने माखलेलं असतं, आणि खोट्याचं रोज पुसलेलं असतं.

पण सगळे खोटे लबाड असतात असंही नाही. शहराच्या जुन्या भागात एकदा आम्ही गेलो, तर भिंतीवरच्या प्रमाणपत्राला चंदनाचा हार घातलेला. मी म्हटलं, ही भक्ती नवीनच दिसते. नीट वाचलं तर ज्यांच्या नावाचं प्रमाणपत्र ते डॉक्टर वारलेले, आणि खुर्चीत त्यांचा मुलगा. शिक्षण बारावी. वडिलांच्या हाताखाली लहानपणापासून पुड्या बांधलेल्या. मॅडमनी विचारलं, तुमची नोंदणी कुठाय? त्याने हाराकडे बोट केलं.

"ही तर वडिलांची," मी म्हटलं.

"मग? साहेब, सातबाऱ्याला वारस लागतो. रेशन दुकानाला बी लागतो. मंग ह्येला का नाय लागत?"

तो थट्टा करत नव्हता. वारसाची नोंद करायला कुठल्या ऑफिसात जायचं हे त्याला खरोखर ठाऊक नव्हतं म्हणून राहिलं, अशी त्याची समजूत. मॅडमनी दवाखान्याला कुलूप लावायला सांगितलं तेव्हा पडत्या आवाजात म्हणाला, "मंग आईच्या नावानं तरी करून द्या." मला हसू आवरेना, आणि वाईटही वाटलं. गल्लीतली माणसं दारात जमली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की आज त्यांचाच डॉक्टर गेला.

उलटाही प्रकार पाहिला. सगळे आम्हाला बघून शटर ओढायचे, पण एक बाई आपण होऊन टेबलाशी आल्या. मधुमेह असलेल्यांना काय खावं याचा सल्ला द्यायच्या. रीतसर शिकलेल्या. म्हणाल्या, "माझी तपासणी करा ना. भिंतीवर लावायला मला काही तरी द्या, लोक विश्वास ठेवत नाहीत." मी सगळे शासननिर्णय चाळले. त्या काळी त्यांची नोंद घेणारी परिषदच नव्हती. मी म्हटलं, बाई, तुमचा कागद ठेवायचं कपाटच अजून बनलेलं नाही. त्या जिना उतरून गेल्या तेव्हा मला चुटपुट लागून राहिली. पुढे त्यांच्यासारख्यांसाठी कायदा आला खरा, पण तोवर त्यांनी सल्ला बंद करून डब्यांचा धंदा सुरू केल्याचं कानावर आलं.

माणसं या कागदाकडे किती निरनिराळ्या नजरेने बघतात याचं मला कायम कुतूहल वाटत आलं. शहराचं नाव बदललं त्या सुमारास तर माझ्या टेबलाशी रीघ लागली होती. आमचेच शिक्के आणि पत्रांचे मथळे बदलत होते. डॉक्टर मंडळी विचारायची, प्रमाणपत्रावर जुनं नाव आहे, आम्ही बेकायदेशीर झालो का? मी सांगायचो, गाव बदललेलं नाही, निवांत रोगी बघा. एक म्हातारे डॉक्टर म्हणाले, "मुळे, मी जन्मलो एका राज्यात, शिकलो दुसऱ्यात, आता पत्ता तिसराच. रोगी तेवढे तेच."

त्याच दिवसांत पडेगावची तक्रार आली.

तक्रार करणारा वाळूजच्या कारखान्यात कामाला असलेला तरुण होता. त्याची आई पडेगावातल्या 'डॉ. सौ. राजनंदिनी गायके' यांच्याकडून औषध घेत होती. डॉक्टर निवडताना नोंदणी तपासा, असं सरकारच सांगतं. याने तपासली. आयुर्वेदाच्या परिषदेच्या यादीत राजनंदिनी गायके नावाचं कुणी नव्हतं. त्याने स्पेलिंग बदलून पाहिलं, नवऱ्याचं नाव घालून पाहिलं, काही नाही. मीही शोधलं. नव्हतंच. नोंदणीशिवाय व्यवसाय म्हणजे सरळ पोलीस ठाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो.

दौलताबादच्या रस्त्याला लागून गायक्यांचं घर. पुढची खोली दवाखान्याला दिलेली, ओट्यावर बाक, बाकावर बायका आणि लेकरं. दारावर भलीमोठी पाटी, लाल अक्षरं, भोवती दिव्यांची माळ. दाराशी खुर्ची टाकून एक धोतर-टोपीतले गृहस्थ बसलेले आणि नंबर लावत होते. ते डॉक्टरीणबाईंचे सासरे. सगळे त्यांना आबा म्हणत. घरची शेती कसून त्यांनी मुलाला शिकवलेलं, सून डॉक्टर मिळाली म्हणून ते हवेत असलेले. पोलीस बघून ते उठले.

"काय काम हाय?"

"दवाखान्याची तपासणी," मी म्हटलं.

"करा की. आमची सून हाय. शिकलेली हाय."

आत तिशीच्या आतली मुलगी. टेबल नीटनेटकं, सुया टाकायचा डबा योग्य रंगाचा, औषधं तिच्या शास्त्रातलीच. मॅडमनी मान हलवली, म्हणजे हे ठीक दिसतंय. मी भिंत बघितली. तिथे देवीचा फोटो, कॅलेंडर आणि लसीकरणाचा तक्ता. प्रमाणपत्र नाही.

"नोंदणी?"

तिचा चेहरा पडला. "आहे सर. आत आहे."

"भिंतीवर का नाही?"

ती आत गेली, लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि साडीच्या खोक्यात ठेवलेलं प्रमाणपत्र तिने माझ्या हातात दिलं. फोटो तिचाच. नाव होतं, कडूबाई साहेबराव सोनवणे.

शिपायाने मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "ही कडूबाई कोण?"

"मीच," ती म्हणाली. आबा रस्त्याकडे बघत राहिले.

मग तिने सगळं सांगितलं. ती कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीची. तिच्या आधीची भावंडं जन्मून गेली, एकही राहिलं नाही. आमच्या भागात अशा घरी पुढचं लेकरू झालं की त्याला सुपात घालून उकिरड्यावर ओढतात, शेजारणीच्या ओटीत टाकतात, आणि सूपभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत विकत घेतात. नावही असं ठेवतात की न्यायला आलेल्या यमाने थुंकून टाकावं. कडूबा, कडूबाई. आमच्या जिल्ह्यात या नावाची माणसं गावोगाव सापडतील. ही राहिली. शिकली, बी.ए.एम.एस. झाली, आणि परिषदेत त्याच नावाने नोंद झाली.

पुढे लग्न. आपल्याकडे लग्नात सासरचे ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात. आमच्या सौ.चंही मालतीचं सुनंदा झालं होतं, पण ती दोन्ही नावांनी भाजीच करत असल्यामुळे सरकारचं काही बिघडलं नाही. इथे आबांनी तांदळात राजनंदिनी लिहिलं, पत्रिकेत तेच छापलं, आधार कार्डावर तेच चढवलं, आणि पाटीही तीच केली. परिषदेला मात्र कुणी कळवलं नाही. तांदळात लिहिलं म्हणजे झालं, असंच त्या घरात सगळ्यांना वाटलं, डॉक्टरसकट. ही चूक महाराष्ट्राबाहेर कुठे होत असेल असं मला वाटत नाही.

"सर, मलाच ते नाव नको होतं," ती म्हणाली. "कॉलेजात हजेरी झाली की पोरं हसायची. म्हणायची, कडू डॉक्टर, औषध तरी गोड द्या. लग्नात नाव बदललं तेव्हा सगळ्यांत जास्त मीच खूश झाले. म्हणून ते भिंतीवर लावलं नाही."

मॅडमनी प्रमाणपत्र उन्हात धरून बघितलं, फोन लावून नोंदणी क्रमांक पडताळला आणि म्हणाल्या, "मुळेसाब, बाई खरी है, बोर्ड खोटा है."

पण खोट्या बोर्डाखाली खरी बाईसुद्धा रोगी बघू शकत नाही. उद्या तिने लिहिलेली चिठ्ठी कुणी पुढे केली तर ती चिठ्ठी लिहिणारी बाई सरकारदरबारी अस्तित्वातच नाही. मॅडमनी तिला दोन रस्ते सांगितले. एक, नोंदणीतल्या नावाची पाटी लावायची, ते काम दोन दिवसांचं. दुसरा, राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात द्यायची, मग परिषदेकडे अर्ज करून नोंदणीवर राजनंदिनी नाव करून घ्यायचं, त्याला महिने लागणार. तोवर दवाखाना बंद. सोमवारी कार्यालयात येऊन काय ते सांगायचं. नाही सांगितलं तर तक्रार पोलिसांकडे जाणार.

"बंद?" आबा म्हणाले. "पोरीनं आत्ता कुठं जम बसवलाय साहेब. महिनाभर बंद ऱ्हायलं तर मानसं दुसरीकडं लागतील. कोण परत येतंय?"

त्यांचं खोटं नव्हतं. नव्या डॉक्टरचा दवाखाना बंद राहिला की मेलाच. बाकावरची एक बाई तापलेलं लेकरू छातीशी धरून म्हणाली, "मंग आज बघनार नाय का?" मॅडमनी तिथेच ओट्यावर त्या लेकराला तपासलं आणि चिठ्ठी लिहून दिली. मग त्या मुलीने स्वतःच दाराला कुलूप लावलं.

सोमवारी सगळे आले. तक्रार करणारा तरुण अवघडून एका कोपऱ्यात. आबा राजपत्राचा अर्ज भरूनच घेऊन आलेले, सुनेची सही तेवढी बाकी. आणि आणखी एक बाई, नऊवारी नेसलेल्या, हातात पिशवी, देवगावहून पहाटेच्या गाडीने आलेल्या. मुलीची आई.

आबांनी अर्ज टेबलावर ठेवला. "हे घ्या. कितीबी दिवस लागू द्या. कडूबाईचा बोर्ड मी माज्या दारावर लावनार नाय."

"का हो आबा?" मी विचारलं. मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. हट्टाच्या मागे काय असतं ते बघायची मला जुनी खोड.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "लोकं हसतील तिला. कडू डॉक्टरकडं कोन जातंय? तिला कालेजात हसायचे ती मला लग्नाआधी बोलली व्हती. तवाच मी ठरवलं, आपल्या उंबऱ्याच्या आत तिला कुनी हसनार नाय. म्हून नाव बी राजाच्या लेकीचं निवडलं."

मला वाटलं होतं, सासरची मिजास आहे. तसं नव्हतं. ते नाव त्यांनी मायेनेच दिलेलं होतं, आणि मला त्या म्हाताऱ्याबद्दल एकदम आदर वाटला.

सुनेने पेन हातात घेतलं. तेवढ्यात आई पुढे झाली. मॅडमकडे बघायचं धाडस तिला होईना, म्हणून माझ्याकडे वळली.

"दादा, इचारू का? ह्या कागदानं काय व्हतं?"

"नाव बदलतं, मावशी. सरकारच्या राजपत्रात छापून येतं, की अमुक नावाची बाई आता तमुक नावाने ओळखली जाईल."

"छापून येतं?"

"हो."

"म्हंजी जुनं बी छापत्यात आन् नवं बी?"

"दोन्ही. शेजारी शेजारी."

ती घाबरली. मी नोकरीत माणसं दंडाला घाबरलेली पाहिली आहेत, पोलिसाला घाबरलेली पाहिली आहेत, ही भीती वेगळी होती. ती लेकीचा हात धरून म्हणाली, "नको बाई. सासरी कायबी हाक मारू देत. मी लग्नात कायबी बोलले का? पन हे छापू नको. ज्याला चुकवलं त्याला कळंल की. छापून आलं तर त्याला बी वाचता यील."

तो तरुण हसला आणि लगेच गप्प झाला. लेकही आधी हसली. "आई, काही तरीच काय!" म्हणाली. पण पेन टेबलावर ठेवलं.

सिद्दीकी मॅडम इतक्या वर्षांत ऑफिसात घरचं बोललेल्या मला आठवत नाहीत. त्या दिवशी खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "मेरी खाला का नाम घसीटी था, मुळेसाब. वैसाच सुपात घालून घसीटा था उसको. खूब साल जी वो. हम बच्चे हसते थे उसके नाम पे." मग मुलीच्या आईकडे वळून मराठीत म्हणाल्या, "बसा तुम्ही. पाणी घ्या."

मुलीने अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी काहीच सुचवलं नाही. नियम काय ते सांगणं माझं काम, बाकी कुठलं नाव लावायचं हे ठरवणारा मी कोण? पण तिने काय करावं हे मला मनातून ठाऊक होतं असं कुणाला वाटत असेल तर तसंही नव्हतं. राजनंदिनी लावली असती तरी ती तेवढीच चांगली डॉक्टर राहिली असती.

शेवटी ती सासऱ्यांकडे वळली. "आबा, तुम्ही दिलेलं नाव मला आवडतं. घरी तुम्ही नंदिनी म्हणून हाक मारली की बरं वाटतं. पण राजनंदिनी कधी कॉलेजात गेली नाही हो. शिकली ती कडूच. पोरं हसायची तेव्हा मान खाली घालून पुस्तक वाचत बसली, ती कडूच. आता तिनं कमावलेल्या खुर्चीत दुसरीच बाई बसवायची, हे मला जमणार नाही."

"आन् मानसं?" आबांनी विचारलं. "मानसं आली नाय तर?"

"तर नाही आली."

आबांनी अर्ज उचलला, त्याची नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. फाडला नाही. "सरकारचं सरकारला. घरात नंदिनीच," एवढंच म्हणाले. विहिणीशी न बोलता बाहेर गेले, पण थोड्या वेळाने तिच्यासाठी चहा सांगून आले.

तरुण म्हणाला, "मॅडम, मी तक्रार मागं घेतो. चुकलंच माझं." मॅडम त्याच्यावर डाफरल्या. "तू काय चुकला? पाटी वाचून यादी बघितली, हेच तर करायचं असतं. सगळ्यांनी असं केलं तर मला रस्त्यावर फिरायला नको." पोरगा लाजला आणि कडूबाईंना नमस्कार करून गेला.

नियमाप्रमाणे पाटी बदलली की नाही हे बघायला पुन्हा जावं लागतं. काही आठवड्यांनी मी एकटाच पडेगावला गेलो. दारावर नवी पाटी होती. डॉ. कडूबाई साहेबराव सोनवणे, बी.ए.एम.एस. दिव्यांची माळ काढली नव्हती. आत भिंतीवर प्रमाणपत्र. माझं काम खरं तर तिथेच संपलं होतं. पण बाक रिकामा होता.

आबा त्याच खुर्चीत बसलेले. मला म्हणाले, "या साहेब. बगा, तुमच्या कायद्याचा गुन." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जुनी मानसं येत्यात थोडी. नवी मानसं पाटी वाचून हसत्यात आन् पुढं जात्यात. ती कायबी बोलत नाय. मी इथनं रोज बगतो."

कायदा पाळला, सगळे कागद जुळले, फाइल बंद होणार होती, आणि एका कष्टाळू मुलीचा दवाखाना ओस पडला होता. पाटीवरचं नाव खरं करून दिल्याबद्दल मला त्या क्षणी अजिबात अभिमान वाटत नव्हता. आबांनी चहा मागवला तो मी घेतला, कारण उठून जायला पाय निघेना.

तेवढ्यात रिक्षातून एक म्हातारी आणि तिची सून उतरली. दौलताबादच्या पलीकडच्या वस्तीवरून आलेल्या. सुनेच्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं. म्हातारी पाटीखाली उभी राहिली. तिला वाचता येत नसावं, कारण तिने आबांना विचारलं, "कडूबाई डाक्टर म्हंत्यात त्या हितंच का?"

"हितंच," आबा उठून उभे राहिले. "आत जा. नंबर नाय लागत."

मीही दारापर्यंत गेलो. म्हातारीने डॉक्टरकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सरळ विचारलं, "बाई, तुज्या मायची आधीची गेली व्हती का?"

"व्हय, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. ऑफिसातलं, कॉलेजातलं मराठी कुठल्या कुठे गेलं होतं.

"आन् तू ऱ्हायली."

"ऱ्हायले."

म्हातारीचे डोळे भरून आले. "हिची बी दोन गेली. हे तिसरं. तुजं नाव ऐकून आले म्या. ह्या तान्हीला तुज्या ओटीत घालते, तू परत दे. आन् नाव बी तुजंच ठेवते, कडू. तशी ऱ्हाईल." सून खाली मान घालून उभी होती, तिच्या चेहऱ्यावर देवगावच्या त्या आईची भीती मला जशीच्या तशी दिसली.

डॉक्टरांनी लेकरू घेतलं. पण ओटीत नाही, आधी काट्यावर ठेवलं. वजन बघितलं, छाती ऐकली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. लसीचं कार्ड मागितलं, ते नव्हतंच. आधीची लेकरं कशाने गेली, ताप होता का, श्वास लागत होता का, बाळंतपण कुठे झालं, सगळं सुनेला एकेक करून विचारलं आणि लिहून घेतलं. सून आधी बोलेना, मग बोलायला लागली ती थांबेना. बहुधा हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या लहान मुलांच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी झाली, लसींच्या वेळा कागदावर झाल्या, आणि दर आठवड्याला वजनाला इथे यायचं ठरलं.

मग लेकरू परत आईच्या हातात देत त्या म्हणाल्या, "मावशी, नाव चांगलं ठेवा हिचं. गोड ठेवा. तुमाला आवडंल ते."

म्हातारी कावरीबावरी झाली. "पन तुजं तर कडूच हाय की!"

"व्हय," डॉक्टर म्हणाल्या. "माज्या येळंला गावात डाक्टर नव्हता."